सळईच्या गावात धुराची गोष्ट

'वीकेंडला जालन्याला चाललेय' असं सांगितलं, तर सगळ्यांचा एकच प्रश्न : 'कुणाचं लग्न?' लग्नबिग्न काही नव्हतं. आपल्या फ्लॅटच्या स्लॅबमधली सळई जिथे बनते, ते गाव बघायचं होतं. आणि तिथला धूरसुद्धा!

छत्रपती संभाजीनगरहून साधारण साठ किलोमीटर. एमआयडीसीत शिरलं की भंगाराने खच्चून भरलेले ट्रक. मोडकी कपाटं, सायकली, गाड्यांचे पत्रे. हे सगळं विजेच्या इंडक्शन भट्टीत जातं, 1600 अंशांच्या आसपास वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळई सळसळत बाहेर येते. नजर हटत नाही. लांबूनच बघायचं हं!

भट्टी विजेवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड नाहीच? छे! आपली बरीचशी वीज कोळशाची. भट्टी जालन्यात, चिमणी भलतीकडेच.

मग हाच वायू पकडून विजेनेच त्याचं इंधन केलं तर? प्रयोगशाळेत हे होतं. सगळी मदार कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या धातूवर. चांदी कार्बन मोनॉक्साइड देते, कथिल फॉर्मिक अ‍ॅसिडच्या वाटेने जातं. तांबं मात्र मिथेन, इथिलीन, अल्कोहोलपर्यंत मजल मारतं. जपानच्या योशिओ होरींनी 1980च्या दशकात हे दाखवून दिलं. आणि लोखंड? ते बहुतेक वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यातच उडवतं. सळईच्या गावात हे कुणी बोलायचं!

तांब्याचीही एक खोड आहे. ते एकाच वेळी डझनभराहून जास्त पदार्थ बनवतं. साधा वरणभात मागवावा आणि समोर अख्खी थाळी यावी, तसं. ते वेगळे करण्यातच खर्च. म्हणून कुणी तांब्याचे नॅनो कण करतं, कुणी त्यात दुसरा धातू मिसळतं. शिवाय कॅटॅलिस्ट टिकायलाही हवा. कारखान्याला वर्षांचा हिशोब लागतो, प्रयोगशाळेत बऱ्याचदा तास मोजतात.

पवईच्या आयआयटीत 2022 साली कार्बन पकडून वापरण्यासाठीचं राष्ट्रीय केंद्र जाहीर झालं. जालन्यात 2018 पासून माटुंग्याच्या आयसीटीचा कॅम्पस आहे. केमिकल शिकणारी मुलं आणि भट्ट्या एकाच गावात, हे मला जाम आवडलं.

पण एक गोची आहेच. इंधन जाळून जेवढी ऊर्जा मिळते, त्याहून जास्त वीज ते बनवताना घालावी लागते. ती कोळशाची असेल, तर संपवला त्याहून जास्त वायू तयार! सौर वीजच हवी. आणि ती मिळाली तर माझ्या मते पहिला हक्क भट्टीचा. आधी धूर टाळा, मग उरलेल्याचं इंधन करा. विमानं बॅटरीवर लांब जात नाहीत, तिथे ते लागेलच.

जाणार असाल तर मिलची परवानगी आधी काढा, पायात बूट घाला. येताना मोसंबी आणा. जालन्याच्या मोसंबीला जीआय टॅग आहे, आणि भट्टीजवळ उभं राहून आल्यावर तिचा रस काय लागतो म्हणून सांगू!