छायाचित्राच्या पाठीवरची अक्षरे

आपल्या समाजातील जवळजवळ प्रत्येक घरात जुन्या छायाचित्रांची एक पेटी असते. कुणाकडे ती बिस्किटांच्या डब्याच्या रूपाने कपाटावर विसावलेली असते, तर कुणाकडे पलंगाखालच्या ट्रंकेत दडलेली असते. बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्न आणि अखेरीस चर्चच्या दाराशी शवपेटीभोवती उभे राहिलेले आप्त, असा एका कुटुंबाचा सारा जीवनप्रवास त्या पेटीत सामावलेला असतो. पाहुणे आले की ती उघडली जाते, चेहरे न्याहाळले जातात, हसणे-उसासणे होते आणि पेटी पुन्हा बंद होते. छायाचित्राची पाठ मात्र क्वचितच कुणी पाहते. वास्तविक चेहरा बोलत नाही. बोलते ती पाठ, आणि तीही कुणी तिच्यावर चार अक्षरे लिहिली असतील तरच.

आम्ही भिवंडीकर. यंत्रमागांचा खडखडाट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. या गावात मागावरून उतरलेल्या कापडाच्या प्रत्येक ताक्याचा हिशेब राहतो. तो कुठल्या मागाचा, किती मीटरचा, कुणी विणला, याची नोंद झाल्याशिवाय मजुरी ठरत नाही. उद्या कुठल्या परक्या शहरात रंगवले जाईल आणि परवा फाटूनही जाईल, अशा कोऱ्या कापडाची ही निगा! आणि ज्यांच्या रक्तामांसाचे आपण, त्यांची छायाचित्रे मात्र नावावाचून, सालावाचून पडून राहतात. हा विरोधाभास आमच्या मनाला फार दिवस टोचत होता.

तो अधिक तीव्रतेने जाणवला २६ जुलै २००५ च्या पावसाने. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भिवंडीच्या सखल वस्त्याही पाण्याखाली गेल्या. आमच्या घरात कमरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर ट्रंकेतली छायाचित्रे आम्ही भावंडांनी एकेक सोडवून, स्वच्छ पाण्यातून काढून सुती कापडावर पसरली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांच्या पाठीवर शाईने लिहिले होते, तिथे निळ्या डागांखेरीज काही उरले नव्हते. आमचे आजोबा शाळामास्तर होते. त्यांनी शिसपेन्सिलीने लिहिलेले प्रत्येक अक्षर मात्र जसेच्या तसे होते. शिसे पाण्यात विरघळत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र. परंतु त्या ओल्या दुपारी आजोबांचे ते बारीक, सरळ अक्षर वाचताना आमचा कंठ दाटून आला.

छायाचित्रावर नाव घालण्याची ही रीत आजची नव्हे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग निघाला. डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी एतद्देशीय माणसे याच काळात छायाचित्रणात पुढे आली. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला. त्यांच्या चित्रांच्या तळाशी क्रमांक आणि मथळा पांढऱ्या अक्षरांत दिसतो. काचेच्या निगेटिव्हवर शाईने उलटी अक्षरे काढली की तेवढ्या भागातून उजेड जात नाही आणि कागदावर ती अक्षरे सुलटी व पांढरी उमटतात. पुढे गावोगावच्या स्टुडिओंनी पुठ्ठ्यावर आपले नाव छापले वा पाठीवर रबरी शिक्का मारून निगेटिव्हचा क्रमांक टाकला. अशा रीतीने चित्र काढणाऱ्याचे नाव टिकले. चित्रातल्या माणसाचे काय?

विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील जातीजमातींवर दोन खंडांचा सचित्र ग्रंथ काढला; ते खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्यात माणसे स्टुडिओत टिपून त्यांच्यामागे मुंबईची दृश्ये जोडलेली आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. या ग्रंथांत चित्राखाली बहुधा जात आहे, धंदा आहे. माणसाचे स्वतःचे नाव नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेला तो मनुष्य कुणाचा तरी पिता असेल, कुणाचा तरी भाऊ असेल; मथळ्याने त्याला केवळ एक नमुना करून टाकले. चित्राखाली काय लिहायचे हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती त्या माणसाची आठवणही असते.

आणि आपण आपल्या घरी तरी काय वेगळे करतो? आमच्या आजोबांच्या त्या सुबक अक्षरांतही पुरुषांची नावे पूर्ण आहेत. स्त्रिया मात्र ‘अमक्यांची पत्नी’, ‘तमक्यांची सून’ एवढ्यावरच थांबलेल्या आहेत. आमची थोरली आत्या हयात असताना आम्ही काही संध्याकाळी तिच्यापाशी पेटी घेऊन बसलो. दृष्टी अधू झाली होती, तरी चेहरे तिला अचूक ओळखू येत. स्वतःच्या लग्नाचे चित्र हाती येताच ती म्हणाली, “माहेरचं नाव लिहा रे माझं. बाप्तिस्म्याला दिलेलं नाव तेच.” मग पेन्सिल मागून घेऊन, थरथरत्या हाताने तिने ते स्वतःच लिहिले. आमच्या पेटीतली ती एकमेव स्वाक्षरी.

त्याच बैठकीत वडिलांच्या बाप्तिस्म्याचे चित्र निघाले. त्यात कडेला डोक्यावर पदर घेतलेली एक स्त्री बाळाकडे पाहत उभी आहे.

“आत्या, ही कोण गं?”

“ती होय? चाची. शेजारच्या मोमीनांची. आईला ताप भरला तेव्हा पंधरा दिवस बाळाला हिनंच सांभाळलं.”

“नाव काय तिचं?”

आत्या बराच वेळ गप्प राहिली. “चाचीच म्हणायचो सगळी. १९७० च्या मे महिन्यात गाव पेटलं ना, त्यानंतर ती माणसं गेली ती पुन्हा दिसली नाहीत.”

आम्ही जुन्या मोहल्ल्यात विचारपूस केली. परंतु त्या घराची आठवण असणारे कुणी भेटले नाही. चित्राच्या पाठीवर आम्ही लिहिले आहे : ‘चाची, शेजारीण. नाव शोधत आहोत.’ ती ओळ अपुरी आहे, पण कोऱ्या पाठीपेक्षा बरी. उद्या आमच्या नातवंडांना निदान इतके तरी कळेल की, आपल्या घराण्यावर त्या स्त्रीचे ऋण आहे.

कायद्यानेही या नावांना मोल दिले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. मात्र ‘ही माझी कृती’ असे म्हणण्याचा छायाचित्रकाराचा हक्क वेगळा आणि अबाधित राहतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत मोजला जातो. म्हणून स्टुडिओचा शिक्का खोडू नये. शक्य तर तो आपल्या नोंदीत उतरून घ्यावा.

लिहावे कसे, हेही थोडक्यात सांगतो. चित्र स्वच्छ, कठीण पृष्ठभागावर पालथे ठेवावे. मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेच्या बाजूस लिहावे. चेहऱ्यामागे नको, कारण दाब दिल्यास पुढे वळ उठतो. बॉलपेन टाळावे. अलीकडच्या गुळगुळीत, प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून तो चित्रासह पाकिटात ठेवावा. चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि चित्रही खाते. पूर्ण नाव, स्त्रियांचे माहेर, गाव, साल, प्रसंग आणि लिहिणाऱ्याचे नाव एवढे असावे. खात्री नसेल तिथे ‘अंदाजे’ लिहावे. मोबाइलमधल्या चित्रांना तारीख आपोआप मिळते, नाव मिळत नाही; ते आपणच द्यावयाचे असते.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून मिस्सासाठी धर्मगुरूंच्या हाती देतो. त्या चिठ्ठीवर दोन पिढ्यांपलीकडची नावे सहसा नसतात, कारण ती कुणाला ठाऊकच नसतात. वाचकहो, यंदा ती चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पेटी खाली काढा, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशेजारी बसा आणि हाती एक साधी पेन्सिल असू द्या.