खांबाच्या पोटातली कूज

लाकूड खराब झाले की आपल्याकडे पहिला संशय वाळवीवर जातो. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या विजेच्या खांबांचा मोठा वैरी मात्र बुरशी आहे. तिथले बरेच खांब डग्लस फरचे, आणि या झाडाचा गाभा कूज रोखणारे औषध पीतच नाही. दाब देऊन क्रिओसोट भरले तरी ते बाहेरच्या थरातच थांबते. पुढे खांब वाळतो, तडकतो. भेग औषधाचे कवच ओलांडून आत जाते आणि पावसाचे पाणी व बीजाणू थेट गाभ्यात उतरतात. वरून खांब काळाभोर, धडधाकट. जमिनीलगत गिरमिट चालवावे, तर आधी लांब, लालसर वेटोळी निघतात आणि मग पाते एकदम सैल पडून तपकिरी भुगा येतो.

अशा खांबाला बाहेरून कितीही औषध फासा, ते कुजीपर्यंत पोहोचत नाही. द्रव जिथे अडतो तिथे वायू शिरतो, हे ओळखून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी शेतजमिनीत वापरायची धूम्रके खांबात भरून पाहिली. तिरपी भोके पाडायची, मेथाम सोडियम ओतायचे, बूच ठोकायचे. त्यातून सुटणारा मिथाइल आयसोथायोसायनेट वायू लाकडाच्या रेषांच्या दिशेने वर-खाली पसरतो. क्लोरोपिक्रिन लाकडात जास्त वर्षे टिकते, पण ते पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेले रसायन. वस्तीत मी भुकटीच्या रूपातले, सावकाश वायू सोडणारे डॅझोमेटच पसंत करीन. बोरॉनच्या कांड्या त्याहून निर्धोक खऱ्या, पण बोरॉन ओलीतूनच सरकते, कोरड्या पट्ट्यात ते जागच्या जागी बसते.

भोकांनी खांब दुबळा होत नाही का? थोडा होतो. पण वाकण्याचा ताण मुख्यतः बाहेरचे लाकूड पेलते. निम्म्या व्यासाचा गाभा पार पोकळ झाला तरी खांबाचा ताठपणा हिशेबाने जेमतेम ६ टक्के घटतो. मग गाभ्याची एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. कूज गाभ्यात थांबत नाही म्हणून. पोकळी व्यासाच्या ८० टक्क्यांवर गेली की घट ४० टक्क्यांपुढे जाते. म्हणजे औषध भरायचे ते बाहेरच्या धड लाकडाचे कवच जाड असताना. वायू हळूहळू उडून जातो, ठरावीक वर्षांनी पुन्हा भरावा लागतो, हा खर्च नव्या खांबापेक्षा पुष्कळ कमी आहे. कवच पातळ झालेल्या खांबात मात्र औषध ओतू नये. बुरशी मरेल, गेलेले लाकूड परत येणार नाही. आणि त्या खांबावर तारा ओढायला माणूस चढणार असतो.