घरच्या कोंबड्यांची शुश्रूषा

अलिबागकडे आमच्या परसात खुराडे होते. आता क्युपर्टिनोत मुलीच्या घरामागे पाच कोंबड्या आहेत. ओळखीच्या कुटुंबांतून विचारणा होते, "मावशी, कोंबडी गप्प बसली आहे, काय औषध देऊ?" औषध नंतर. परिचारिकेच्या नोकरीत पहिला धडा मिळाला तो असा, की निरोगी माणूस कसा दिसतो हे पक्के ठाऊक असावे. कोंबडी तर आजार लपवते, कारण दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचतात.

म्हणून रोज सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे पाहावे. तुरा लालभडक, डोळे स्वच्छ, श्वासाला घरघर नाही, गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी, म्हणजे ठीक. सकाळीही ती टणक भरलेली असेल तर दाणा अडकला आहे. अंग गरम लागले म्हणून घाबरू नये. कोंबडीचे तापमान मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. पिसे झडताना, खुडूक झाल्यावर किंवा दिवस लहान झाल्यावर अंडी थांबतात. तो रोग नव्हे.

शेपूट पाडून, जोर करीत बसली तर अंडे अडकले असेल. तिला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे, मग उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावे. अंडे आत फोडू नये. काही तासांत सुटले नाही तर पशुवैद्य गाठावा. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. तुरा फिका पडला तर रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटी तपासाव्यात. तांबड्या बारीक किडी दिवसा तेथे लपतात व रात्री रक्त पितात.

घरात उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल मात्र कोंबडीला देऊ नयेत. औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडे आपलीच नातवंडे खातात. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अशी औषधे जनावरांना देण्यासाठी कॅलिफोर्नियात २०१८ पासून पशुवैद्याची चिठ्ठी लागते.

गेल्या हिवाळ्यात आमची एक कोंबडी सकाळी अचानक मेलेली आढळली. नात तिला उचलून घेणार, तोच मी तिला थांबवले. नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात २००६ साली बर्ड फ्लू आला होता. त्याच रोगासाठी कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२४ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. आपली मानमोडी, म्हणजेच राणीखेत, ही दक्षिण कॅलिफोर्नियात २०१८ ते २०२० पसरली होती. आम्ही राज्याच्या शेती खात्याला कळवले व तपासणी करून घेतली. साथ निघाली असती तर उरलेल्या चारही माराव्या लागल्या असत्या, हे नातीला समजावताना माझाच घसा दाटला. सुदैवाने साथ नव्हती.

तरी आपण सर्वांनी एवढे करावे: एकदम मरतूक झाली, तुरा निळा पडला, तोंड सुजले, तर उघड्या हाताने शिवू नये, मुलांना दूर ठेवावे, दुसऱ्यांच्या खुराड्याकडे जाऊ नये आणि त्याच दिवशी फोन करावा.