मंगळवार पेठेतले एक क्रियापद

कोल्हापुरात मिरजकर तिकटीहून आत वळले, की मंगळवार पेठेचे गल्लीबोळ लागतात. बाहेरगावचा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि परतीची गाडी धरतो. पेठेत मुक्काम ठोकायचे त्याला कारण पडत नाही. मला पडले. नोकरीच्या निमित्ताने मी तेथल्या एका माडीवर दोन वर्षे काढली. त्याच सुमारास मला स्पॅनिश शिकण्याची हुक्की आली होती.

स्पॅनिशमध्ये 'जाणे' म्हणजे 'इर'. दिसायला एवढेसे, पण महा खोडकर! 'मी जातो' म्हणजे 'बोय', 'मी जात असे' म्हणजे 'इबा' आणि 'मी गेलो' म्हणजे 'फुई'. लॅटिनमधले तीन निरनिराळे धातू एका घरात नांदायला आले, त्याचा हा प्रताप. ही रूपे घोकीत मी सकाळी जिन्यावर बसत असे.

खाली कट्ट्यावर अण्णा असत. अण्णा जुने वस्ताद. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या तालमीच्या तांबड्या मातीत त्यांचा जन्म गेलेला. शाहूमहाराजांनी 1912 साली बांधलेले खासबागेचे मैदान तेथून जवळच; त्याचा विषय निघाला की अण्णांना वेळेचे भान राहत नसे. एकदा त्यांनी मला हटकले, "काय पुटपुटालाईस रं?"

मी माझे दुःख सांगितले. अण्णा हसले. "मग आपलं तरी काय येगळं हाय? आज जातो म्हनतोस, काल काय केलास? जाला? गेलाच की न्हाई?"

मी चाट पडलो. खरेच, 'जातो' आला संस्कृतातल्या 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गम्'वरून. इंग्रजांचा 'वेंट'सुद्धा मूळचा दुसऱ्याच क्रियापदाचा. जन्मभर वापरलेल्या शब्दाचा हा सांधा मला एका पैलवानाने दाखवावा!

त्या दिवसापासून मी पेठेचे बोलणे कान देऊन ऐकू लागलो. शेजारच्या काकू म्हणत, "मी मंडईत गेल्तो." बाईमाणसाने 'गेलो' म्हणावे याचे पुणेकराला नवल वाटते, कोल्हापुरात त्याचे कोणाला काही नाही. मला मौज वाटली ती 'गेल्तो'ची. 'गेलो' आणि 'होतो' एकाच घासात! स्पॅनिशचा 'फुई' याच्याही पुढे गेलेला. 'मी गेलो'ला तोच शब्द आणि 'मी होतो'लाही तोच. 'फुए आ कासा' म्हणजे तो घरी गेला. 'फुए माएस्त्रो' म्हणजे तो शिक्षक होता.

"माएस्त्रो म्हंजे वस्तादच की," अण्णा खूश होऊन म्हणाले. मग जरा थांबून, "पर गेला का हुता, ह्ये कळायचं कसं?"

"पुढच्या शब्दावरून," मी ऐटीत सांगितले.

बदली झाली तेव्हा सामान टांग्यात नव्हे, रिक्षात चढवून मी अण्णांच्या पाया पडलो. "जातो अण्णा," म्हणालो. त्यांनी माझा दंड धरला. "जातो न्हवं. येतो म्हनावं."

तीन वर्षे मी गेलो नाही. एक पत्रही धाडले नाही. आळस, दुसरे काय! नंतर कामासाठी कोल्हापूर गाठले ते संध्याकाळी पेठेत शिरलो. कट्टा मोकळा होता. अण्णांची सून दारात तांदूळ निवडत बसली होती.

"अण्णा आहेत का?"

"अण्णा गेलं की."

"कुठं? तालमीकडं?"

तिने सूप खाली ठेवले आणि माझ्याकडे नुसती पाहत राहिली. 'गेलं'च्या पुढे तिने शब्द घातला नव्हता, हे मला तेव्हा उमगले.

"दिवाळीच्या आदल्या म्हयन्यात," ती म्हणाली. "तुमची आठवन काढायचं. त्यो फुई-फुईवाला कवा येनार, म्हनायचं."

तिने चहा केला. मी कट्ट्यावर, त्यांच्या जागेच्या जरा अलीकडे बसून तो प्यालो. अंधार पडू लागला तसा उठलो.

"येतो," मी म्हणालो.

"या," ती म्हणाली.