मोरियाच्या वाटेवरचं मौन

बायबलमधली सदोम नगरी नष्ट होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. तिथे ५० नीतिमान माणसं निघाली तर? ४५ निघाली तर? चाळीस, तीस, वीस असं करत तो देवाला दहावर आणतो. देव रागावत नाही, दर वेळी मान्य करतो.

चारच अध्यायांनंतर त्याला आज्ञा होते: तुझा लाडका मुलगा इसहाक मोरिया देशातल्या डोंगरावर मला अर्पण कर. परक्या गावासाठी भांडलेला हा माणूस पोटच्या पोरासाठी एक शब्दही काढत नाही. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो आणि निघतो. डोंगर दिसतो तिसऱ्या दिवशी. बोलायला वेळ नव्हता असं म्हणायलाही जागा नाही.

या मौनालाच आज्ञापालनाचा कळस मानलं गेलं. ज्यू नववर्षाला सभास्थानात हा अध्याय वाचला जातो, बकरी ईदची कुर्बानी याच प्रसंगाची आठवण आहे. कुराणात मात्र बाप मुलाला आपलं स्वप्न सांगतो, त्याचं मत विचारतो आणि मुलगा होकार देतो. बायबलच्या ‘उत्पत्ती’त विचारणारा इसहाकच आहे: विस्तव आहे, लाकडं आहेत, पण मेंढरू कुठे? तत्त्वज्ञ किर्केगार्दने १८४३ साली याच मौनाभोवती एक अख्खं पुस्तक लिहिलं.

पण इसहाकची आई सारा कुठे आहे?

हा प्रश्न मराठी मनाला आधी पडतो, कारण त्याला चांगुणा ठाऊक असते. श्रीधरांनी १७१८ साली रचलेल्या ‘शिवलीलामृता’मुळे ती घराघरात पोचली. अतिथी होऊन आलेला शिव तिच्या चिलया बाळाचं मांस मागतो. आई बाळाचं शिर आठवणीला म्हणून मागे ठेवते, तर तेही उखळात कांडायला लागतं, आणि डोळ्यांतून टिपूसही गळता कामा नये. तमिळमध्ये बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणा’त सिरुत्तोंडरची कथा अशीच आहे. बाळ शेवटी धावत परत येतं, तरी ऐकणाऱ्याच्या कानातून मुसळाचा आवाज जात नाही. आज्ञा पाळताना आईच्या हातांना काय करावं लागलं, हे ही कथा लपवत नाही. तिचा तो प्रामाणिकपणा मोठा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. ती ऐकणाऱ्या एखाद्या बाईला साराच्या जागी चांगुणा दिसली असेल का?

साराला काही सांगितल्याचा ‘उत्पत्ती’त उल्लेख नाही. पुढच्याच अध्यायात ती १२७ वर्षांची होऊन हेब्रोनला वारते. मुलाला अर्पण करायला नेल्याची बातमी ऐकून तिने प्राण सोडला, असं काही ज्यू कथा म्हणतात. अब्राहाम तिच्यासाठी रडतो. मोरियावर तो रडल्याची नोंद नाही. मग तिला पुरण्यासाठी तो मखपेलाची गुहा विकत घेतो. मालक ४०० शेकेल चांदी सांगतो आणि अब्राहाम तेवढी मोजून देतो. घासाघीस नाही. त्या डोंगरानंतर देव त्याच्याशी बोलल्याचंही कुठे लिहिलेलं नाही.

कदाचित चार लोकांसमोर भाव न करण्याची ती रीतच असेल. कदाचित मोरियावर त्याची वाद घालण्याची सवयच सुटली असेल. ती सुटणं हीच भक्ती मानायची, तर सदोमसाठी दहापर्यंत हट्ट धरणाऱ्याला काय म्हणायचं? देवाने तर त्याचंही ऐकून घेतलं होतं.