गारा वितळायच्या आत

काल दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, वारं सुटलं, पत्रे वाजले आणि दहा मिनिटांत काहीच न होता परत ऊन पडलं. पण तेवढ्यात गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर २०१४ च्या गारपिटीचा जुना व्हिडिओ येऊन पडलाच. खाली एकानं लिहिलं, "आठवतंय का आपलं काश्मीर?" त्याच्याखाली दुसऱ्यानं, "शेतकऱ्याचं वाटोळं झालं अन् तुम्हाला मजा सुचालीय. थोडी लाज वाटू द्या." मग रात्रीपर्यंत नुसती जुंपली होती.

मी काहीच लिहिलं नाही. कारण त्या व्हिडिओत मागून जो खो खो हसण्याचा आवाज येतो, तो माझा आहे.

२०१४ चा मार्च. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात आज इथं, उद्या तिथं गारपीट चालूच होती. लातूर, बीड, उस्मानाबाद, नांदेड, कुठलाच जिल्हा सुटला नाही. आमच्या गल्लीत आली ती भर दुपारी. आधी कुणीतरी पत्र्यावर मूठभर खडी फेकावी तसा आवाज, आणि मग असा दणका की घरात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं शांत झालं. दार उघडलं तर गल्ली पांढरीशुभ्र. नाली दिसेना, रस्त्यातले खड्डे दिसेनात, उकिरडासुद्धा देखणा दिसत होता. मार्च महिन्यात तोंडातून वाफ निघत होती.

आपल्याकडच्या माणसानं बर्फ बघितलेला असतो तो रसवंतीवर पोत्यात गुंडाळलेला, नाहीतर जत्रेतल्या गोळ्यात. तो असा दारात, फुकट, घोट्यापर्यंत! लेकरं बादल्या घेऊन पळाली. एका पोरीनं वाटीत गारा भरून वरून रसना ओतलं. शेजारच्या आजींनी एक गार तोंडात टाकली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "देवाघरचं बर्फ हाय माय, खा गपचिप." आयुष्यभर वर्गात छडी घेऊन फिरलेल्या एका रिटायर गुरुजींनी गारांचा गोळा वळून माझ्या पाठीत हाणला. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो आणि हसत होतो. इतकं मोकळं किती वर्षांनी हसलो होतो, आठवत नाही.

संध्याकाळी बातमी पाठवली. शीर्षक मीच दिलं होतं : 'मुखेडमध्ये अवतरले काश्मीर'. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, शीर्षक वाचणाऱ्याला थांबवणारं पाहिजे. थांबवलं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुक्रमाबादकडच्या एका वाडीतून फोन आला. ओळखीचे शेतकरी, मी त्यांना काका म्हणतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते शांतपणे एवढंच म्हणाले, "पेपर वाचला. आमच्याकडलं काश्मीर बी बघून जावा की."

गेलो. टाळकी ज्वारी दाण्यावर आलेली, सगळी आडवी. कणसं चिखलात. काढून ठेवलेल्या हरभऱ्याच्या ढिगाला आतपर्यंत पाणी लागलेलं, घाटे फुटून दाणे मातीत. आंब्याला पान राहिलं नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली मेलेले पोपट आणि साळुंक्या पडलेल्या, कुणी गोळा करून ठेवल्यासारख्या. बांधाच्या सावलीला गारांचा एक काळपट ढीग अजून शिल्लक होता, त्यातून पाणी झिरपत होतं.

काका त्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणाले, "तुमच्या फोटोत गारा दिसालेत. माझ्या शेतात आता दाखवायला एवढ्याच. पंचनाम्याला साहेब येईपर्यंत ह्या बी जातील. मग काय दाखवू? वाऱ्यानं लोळली म्हणतील."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. गारपीट हे असं संकट आहे की ज्याचा पुरावा दोन-चार तासांत पाणी होऊन जमिनीत मुरतो.

मी विचारलं, काल कुणी फोटो काढला का? काका गप्प. मग त्यांचा नातू खाली मान घालून पुढं आला आणि मोबाईल दिला. आदल्या दिवशी गारा थांबल्याबरोबर तो शेतात पळाला होता. फोटोत तो बांधावर उभा, हातात गारांनी भरलेलं पातेलं, सगळे दात दिसतायत. त्या फोटोपायी त्याला बापाचा मार बसला होता, "घर बुडालं अन् तू हसतोस" म्हणून. पण त्याच्या मागं बघा : पांढरं झालेलं शेत, झोपलेली ज्वारी, काकांची विहीर आणि कोपऱ्यातला लिंब. मोबाईलमध्ये तारीख आणि वेळ. ह्यापेक्षा चांगला पुरावा अख्ख्या वाडीत दुसरा नव्हता. मुखेडला येऊन त्याच्या प्रिंट काढल्या, अर्जाला लावल्या. पुढं काकांचं नाव यादीत आलं. फोटोमुळंच आलं असा माझा दावा नाही. पण दाखवायला त्यांच्या हातात काहीतरी होतं.

त्या वेळचे नियम आठवा. नुकसान ५० टक्क्यांच्या वर असेल तरच मदत. ही अट ३३ टक्क्यांवर आली ती एप्रिल २०१५ मध्ये. त्यात ५ मार्च २०१४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली, त्यामुळं मदत जाहीर करायलाही निवडणूक आयोगाच्या परवानगीची वाट बघावी लागली. मग राज्यानं हेक्टरी १० हजार कोरडवाहूला, १५ हजार बागायतीला आणि २५ हजार फळबागेला जाहीर केले. आता विम्याचं सांगतो. पीकविम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यायची सोय होती. २०२५ च्या खरिपापासून राज्याच्या योजनेतून ते कवच काढलं आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर आली. म्हणजे गार पडते एकाच्या शेतात आणि सरासरी निघते सगळ्या मंडळाची. अशा वेळी सरकारी पंचनामा हाच मोठा आधार, आणि पंचनाम्याला गार दाखवता येत नाही.

आता त्या 'काश्मीर' शब्दाबद्दल. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठलं की दर हिवाळ्यात पेपरात 'मिनी काश्मीर' छापून येतं. मीही तेच केलं. पण काश्मीरचा बर्फ थंडीत हळूहळू पडतो, डोंगरावर साठतो आणि उन्हाळ्यात नद्यांना पाणी देतो. तिथल्या सफरचंदवाल्याला बर्फ पडला नाही तर घोर लागतो. आपली गार थंडीची नाहीच, ती उन्हाची लेक. जमीन तापते, समुद्राकडून दमट वारं येतं, वर कोरडी थंड हवा असते. तापलेली हवा जोरात वर जाते, पाण्याचा थेंब वर नेऊन गोठवते आणि त्याच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वजन पेलवेनासं झालं की खाली. मोठी गार मधोमध फोडून बघा, कांद्यासारखे पदर दिसतील. आणि हे होतं नेमकं पीक घरात यायच्या दिवसांत. काश्मीरला बर्फ म्हणजे पुढच्या सालाची ठेव, आपल्याला गार म्हणजे ह्या सालाची लूट. माझं शीर्षक म्हणूनच चुकलं होतं. हसणं चुकलं नव्हतं.

हो, हे मी विचार करून लिहितोय. त्या आजींचं हसणं, पोरीचं रसना, गुरुजींचा गोळा, ह्यात पाप नव्हतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची शेती गावाकडं होतीच आणि रात्री त्याच घरांत चूल पेटली नाही. दुपारी हसलेली आणि रात्री उपाशी झोपलेली माणसं एकच होती. काकांच्या नातवाला मार बसला तो हसला म्हणून, पण कामाला आलं ते त्याचं बांधावर पळत जाणंच.

म्हणून दोन्ही बाजूंना हात जोडून सांगतो. लेकरांना हसू द्या. आणि गारा पडून गेल्या की, वीज-वारं पूर्ण थांबल्यावर, गल्लीतले फोटो झाले की शेताकडं निघा. फोटोत नुसती गार नको, आपली विहीर, झाड, शेजारचा बांध दिसू द्या. मूळ फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा, फॉरवर्ड करताना त्याची तारीख-वेळ निघून जाते. त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकाला लेखी कळवा, पोच घ्या. शेजारच्या म्हाताऱ्याकडं स्मार्टफोन नसेल तर त्याच्या शेतातले चार फोटो तुम्ही काढा.

हे सगळं लिहून झाल्यावर आज सकाळी त्या ग्रुपवर मी एकच ओळ टाकली : "व्हिडिओत हसणारा मी आहे. त्या दिवशीचे शेतातले फोटो कुणाकडं असतील तर तेही टाका."

आतापर्यंत सात आलेत.