उलटे फिरलेले हँडल आणि कोठारातले मित्र

जुन्या मोटारीच्या पुढच्या जाळीखाली नीट पाहिले तर एक गोल भोक दिसते. गाडी सुरू होईना की त्यात लोखंडी हँडल घालायचे आणि जोर लावून इंजिन फिरवायचे. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांची ही सवय अनेक घरांतल्या आजोबांना आठवत असेल. 1910 च्या सुमारास मात्र बहुतेक पेट्रोलगाड्या रोजच अशा सुरू कराव्या लागत.

हँडल मारणे हे निव्वळ ताकदीचे काम नव्हते. आधी स्टिअरिंगजवळचा खटका सरकवून ठिणगी उशिरा पडेल अशी व्यवस्था करावी लागे. ते विसरले, तर दट्ट्या वर पोहोचण्याआधीच इंधन पेटे, दट्ट्या मागे ढकलला जाई आणि हँडल हिसडा देऊन उलटे फिरे. म्हणून जाणकार अंगठा हँडलभोवती आवळत नसत. तो बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल खालून वर ओढत. तरीही मनगटाजवळचे हाड इतक्यांचे मोडले की त्या दुखापतीला ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असे नाव पडले. वैद्यकाच्या पुस्तकांत ते अजून टिकून आहे.

याच हँडलाभोवती एक कथा सांगितली जाते. 1910 च्या हिवाळ्यात डेट्रॉइटमधील बेल आइलच्या पुलावर एका स्त्रीची कॅडिलॅक बंद पडली. ‘कार्टरकार’ काढणारा बायरन कार्टर तेथून जात होता. तो मदतीला उतरला, हँडल उलटले, त्याचा जबडा मोडला आणि त्यातच पुढे तो दगावला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड हे त्याचे मित्र. त्यांनी हे हँडलच हद्दपार करायचे ठरवले.

कथा हृद्य आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. कार्टर एप्रिल 1908 मध्येच वारला होता. हँडलामुळे माणसे जायबंदी होत होती हे खरे, आणि लेलंड यांना ते डाचत होते हेही पटण्याजोगे. मात्र एका शोधाला एकच मृत्यू कारण म्हणून हवा असतो, तो कथाकाराला.

खरी घडामोड ओहायोतील डेटन गावी एका घरामागच्या कोठारात झाली. घर एडवर्ड डीड्स यांचे. ते आणि चार्ल्स केटरिंग नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीतले सहकारी. त्याच कंपनीतले आणखी काही मित्र दिवसाची नोकरी आटोपून संध्याकाळी कोठारात येत आणि मोटारीच्या विजेच्या भागांवर खटपट करत. या मंडळींना पुढे ‘बार्न गँग’ म्हणजे कोठारातली टोळी म्हणू लागले. 1909 मध्ये यातूनच ‘डेल्को’ ही कंपनी उभी राहिली.

अडचण अशी होती की इंजिन फिरवण्याइतकी दमदार विजेची मोटर फार मोठी होईल, असे जाणकारांचे मत होते. केटरिंगने त्याआधी रोकड-यंत्राचा खण उघडण्यासाठी छोटी मोटर बनवली होती. तिला दिवसभर राबायचे नव्हते. क्षणभर जोर लावला की तिचे काम संपे. इंजिनालाही पहिला धक्काच तर हवा होता! थोडा वेळ भार सोसायचा असेल, तर लहान मोटरही तो सोसते.

मग प्रश्न उरला बॅटरीचा. दर वेळी ती रिकामी होणार, मग भरायची कोणी? टोळीने त्याच मोटरला दुसरे काम दिले. इंजिन एकदा चालू झाले की तेच तिला फिरवी आणि ती जनित्र होऊन बॅटरी भरे. केटरिंगचे मोठेपण या जोडणीत आहे. सुटे भाग नवे नव्हतेच.

1912 च्या कॅडिलॅकवर हा स्टार्टर आला. तोवर शहरातल्या अनेक स्त्रियांना विजेवरच्या गाड्या विकल्या जात, कारण त्यांना हँडल नसे. त्या गाड्यांचा हा मोठा आधार आता गेला. फोर्डच्या मॉडेल टी घेणाऱ्यांना मात्र 1919 पर्यंत थांबावे लागले.

जाळीखालचे ते भोक त्यानंतरही कित्येक वर्षे गाड्यांवर राहिले. बॅटरी उतरली की सीटखालचे हँडल पुन्हा बाहेर निघे, आणि कुणीतरी शेजारी हमखास सांगे, अंगठा बाजूला ठेव.